थंडरबर्डचं सर्व्हर सेटिंग: मेलचे लाड, न्यूजग्रुपची हेळसांड

मेल आणि यूजनेटचे (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चाजाळ्याचे) न्यूजग्रुप, म्हणजे विषयवार चर्चागट, एकाच खिडकीत वाचू देणारे प्रोग्राम आता फार थोडे उरलेत. मोझिलाचा थंडरबर्ड त्यातला सगळ्यात ओळखीचा. पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ ची, आणि तेव्हापासून फुकटच आहे. २२ फेब्रुवारी २०२४ ला गूगल ग्रुप्सनं यूजनेटशी असलेली जोडणी तोडली, त्यामुळे ब्राउझरमधून पोस्ट करणाऱ्यांनाही आता असा प्रोग्राम लागतो.

मेलचं खातं जोडणं एकदम सोपं. नाव, पत्ता, पासवर्ड भरला की सर्व्हरची माहिती थंडरबर्ड स्वतःच शोधून आणतो. पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, आयमॅपला (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायची पद्धत) ९९३, पॉपला (मेल संगणकावर उतरवून घ्यायची पद्धत) ९९५. जीमेलसाठी पडताळणी 'ओऑथ२' (गूगलच्याच पानावर लॉगिन करायची पद्धत) हीच ठेवावी. लॉगिनची छोटी खिडकी उघडून तिथल्या तिथे घुटमळत राहिली, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये बहुधा कुकीज बंद केलेल्या असतात. त्या चालू केल्या की काम होतं.

स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर मात्र हातानं भरावं लागतं. माहिती सापडली नाही की सर्व्हरच्या चौकटीत टिंबानं सुरू होणारं अर्धवट नाव दिसतं. ते तसंच ठेवून पुढे जाणारे बरेच. होस्टिंगवाल्यानं दिलेलं पूर्ण नाव तिथे टाकायचं असतं.

सगळ्यात जास्त घोळ पाठवण्याच्या, म्हणजे एसएमटीपीच्या, सेटिंगमध्ये होतो. ४६५ पोर्टला 'एसएसएल/टीएलएस' (सुरुवातीपासूनच एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक भाषेतली जोडणी), ५८७ ला 'स्टार्टटीएलएस' (आधी साधी जोडणी, मग एन्क्रिप्शन), ही जोडी फोडायची नाही. ४६५ वर स्टार्टटीएलएस ठेवलं तर प्रोग्राम सर्व्हरच्या नमस्काराची वाट बघत बसतो आणि सर्व्हर एन्क्रिप्शन सुरू होण्याची. कोणीच बोलत नाही, आणि बऱ्याच वेळानं टाइमआउट येतो. उलट चूक केली तर जोडणी लगेच मोडते. म्हणजे मेल पाठवताना पट्टी नुसतीच सरकत राहिली की पासवर्ड बदलत बसू नये, आधी पोर्ट बघावा. पासवर्डच चुकला असेल तर सर्व्हर बहुधा ५३५ हा कोड देतो.

आयमॅपच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटणामागे एक आकडा लपलेला असतो: एका खात्यासाठी किती जोडण्या उघड्या ठेवायच्या. मुळात तो ५ असतो. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ जोडण्या देतं. एकच खातं तीन संगणकांवर आणि वर फोनवरही असेल, तर कुठेतरी अडणारच. आकडा २ वर आणला तरी रोजच्या वापरात फरक जाणवत नाही.

न्यूजग्रुपच्या बाजूला आलं की हे सगळे लाड संपतात. नवं न्यूजग्रुप खातं उघडताना विझार्ड (पायरीपायरीनं माहिती विचारणारी खिडकी) तुमचं नाव, ईमेल आणि सर्व्हरचं नाव विचारतो. पोर्ट विचारत नाही, एन्क्रिप्शनही नाही. खातं तयार होतं ते ११९ पोर्टवर, उघड्या जोडणीनं. पासवर्ड मागणारा सर्व्हर असेल तर तो पासवर्ड तसाच उघडा जातो. आजच्या काळात ही ढिलाई खपवून घेण्यासारखी नाही.

म्हणून विझार्ड संपला की ग्रुपची यादी मागवण्याआधी त्या खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये जावं. 'कनेक्शन सिक्युरिटी'त एसएसएल/टीएलएस निवडावं आणि पोर्ट ५६३ झालाय ना, ते डोळ्यांनी बघावं. त्याच पानावर 'ऑलवेज रिक्वेस्ट ऑथेंटिकेशन' असा चौकोन आहे, त्यावर टिक करावी. फक्त मजकुराचे ग्रुप देणारा इटर्नल-सप्टेंबर हा फुकट सर्व्हर नोंदणी करून घेतो. अशा सर्व्हरवर ही टिक नसेल तर यादी तोकडी येते किंवा ४८० कोड येतो, म्हणजे 'आधी ओळख पटवा'. ४८१ आला तर नाव किंवा पासवर्ड चुकलाय. मग थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडावा, यादी मागवावी आणि शोधपट्टीत 'मराठी' हा शब्द रोमन अक्षरांत टाकून बघावा. 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा जुना ग्रुप त्यातूनच सापडतो.

विझार्डमध्ये दिलेला ईमेल प्रत्येक पोस्टवर सगळ्या जगाला दिसतो. खरा पत्ता द्यायचा नसेल तर शेवटी 'डॉट इनव्हॅलिड' असलेला द्यावा, ती अखेर यासाठीच राखून ठेवलेली आहे. 'कम्पोझिशन अँड अ‍ॅड्रेसिंग'मध्ये एचटीएमएलची (सजवलेल्या मजकुराची) टिकही काढावी, नाहीतर साध्या मजकुराच्या ग्रुपवर बोलणी खावी लागतात.

पुढे सर्व्हर बदलायचा झाला तर जुन्याच खात्यात नाव बदलू नये. लेखांचे क्रमांक प्रत्येक सर्व्हरवर वेगळे असतात आणि थंडरबर्ड वाचलेलं-न वाचलेलं त्या क्रमांकांवरूनच ठरवतो. नाव बदललं की न वाचलेले लेख वाचलेले दिसू लागतात. त्यापेक्षा सरळ नवं खातं उघडावं.