महोत्सवाचे पद की शिबिरातील काम: अर्जात काय मांडावे?

परदेशी विद्यापीठाच्या पदव्युत्तर अर्जात नेतृत्व दाखवायचे झाले, की नागपुरातील अनेक विद्यार्थी प्रथम पदाकडे वळतात. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील 'ॲक्सिस' किंवा 'आरोही' यांसारख्या महोत्सवाच्या आयोजन समितीतील पद बायोडेटात एका ओळीत बसते आणि जबाबदारीचा आवाका वाचणाऱ्याला लगेच कळतो. मात्र तेवढ्यावर अर्जासोबत द्यायचा निबंध उभा राहत नाही, कारण अर्जदाराने स्वतः कोणता निर्णय घेतला, प्रायोजक ऐनवेळी मागे हटल्यावर खर्चाची फेरमांडणी कशी केली आणि नाराज सहकाऱ्यांना कसे सांभाळले, हे त्या ओळीत कुठेच नसते.

राष्ट्रीय सेवा योजनेचे याच्या उलट आहे. वर्षाला १२० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर यांत मिरवण्याजोगे पद बहुतेकांना मिळत नाही; परंतु सर्वेक्षणासाठी घरोघरी जाताना गावकऱ्यांचा विश्वास मिळवणे, मागे पडणाऱ्याला सोबत घेणे, कामाच्या वाटपावरून झालेला वाद मिटवणे, असे सहकार्याचे ठोस प्रसंग तेथे सहज सापडतात. शिवाय शिफारसपत्र देऊ शकणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्याने ते काम जवळून पाहिलेले असते, आणि ही बाजू विद्यार्थी फार कमी वापरतात. धोका एवढाच, की गटाचे श्रेय लिहिताना अर्जदाराचा स्वतःचा वाटा पुसट होतो.

माझ्या मते व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठी पद आधी मांडावे, समाजकार्यासाठी वा सार्वजनिक आरोग्यासाठी शिबिर. संशोधनप्रधान एमएससाठी मात्र दोन्ही थोडक्यात आटोपून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पातील सहकार्याला जागा द्यावी.