पाल्यासाठी शेवगा: पीकेएम-१ की गावठी फाटा?

शिरूर, पुरंदरकडे पाल्याच्या पावडरीसाठी शेवगा लावणाऱ्यांसमोर बहुधा हेच दोन पर्याय असतात: तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम केंद्राचा बियाण्याचा पीकेएम-१, किंवा बांधावरच्या जुन्या झाडाचा फाटा, म्हणजे रोवायला तोडलेली फांदी.

पीकेएम-१ मुळात शेंगेसाठी निवडलेला वाण. तरी पाल्याला तो सोयीचा, कारण बियाणं दाट पेरता येतं. रोप मीटरभर झालं की शेंडा छाटायचा, बाजूने फूट येते, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण ३५ ते ४५ दिवसांनी पुन्हा कापणी. थंडीत मात्र वाढ मंदावते. बियाण्याच्या रोपाला सोटमूळ असतं, त्यामुळे मुरमाड रानात ते तग धरतं. बियाणं ताजंच घ्या; जुनं नीट उगवत नाही.

फाट्याचा फायदा एकच, पण मोठा: झाड हुबेहूब आईसारखं येतं. परागीभवन परक्या झाडांशी होत असल्याने बियाण्यात तशी खात्री नाही. पण एकरभर दाट लागवडीला इतके फाटे आणायचे कुठून? शिवाय मुळं उथळ, वाऱ्याला झाड लवकर कलतं. घरच्या भाजीला आणि आमटीतल्या शेंगांना ते उत्तम.

ताज्या पाल्यात पाऊण भाग पाणीच, म्हणून किलोभर पावडरीला भरपूर पाला लागतो. तेव्हा धंद्यासाठी पीकेएम-१च. काळ्या, पाणी साचणाऱ्या रानात मात्र दोन्ही कुजतात. तिथे आधी चर काढा. वाळवण सावलीतच. उन्हात हिरवा रंग जातो, आणि व्यापारी आधी रंगच बघतो.