प्रमाणपत्र हातात होते, विमा मात्र नव्हता

समारंभांसाठी स्पीकर, दिवे, स्टँड आणि जनरेटर भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला तेव्हा प्रत्येक केबलची लांबीसुद्धा मी वहीत टिपून ठेवली होती. पण ज्या कागदाच्या भरवशावर हे सारे साहित्य परक्यांच्या हवाली करत होतो, तो कागद अपघात होईपर्यंत मी धड वाचलाही नव्हता.

विम्याकडे वळलो तोही शहाणपणाने नव्हे. सभागृहवाले दायित्व विम्याचे, म्हणजे आपल्यामुळे इतरांचे नुकसान झाले तर भरपाई देणाऱ्या विम्याचे, प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय साहित्य आत नेऊ देईनात, म्हणून ओळखीतून एक एजंट गाठला. ‘गोदामातून निघाल्यापासून परत येईपर्यंत सगळे यात आले,’ असे त्याने छातीठोकपणे सांगितले. प्रस्ताव अर्जावर पेन्सिलीने दोन फुल्या मारून त्याने माझ्या सह्या घेतल्या आणि बाकीचे रकाने ऑफिसात भरतो म्हणाला. सवलत मिळते या सबबीवर हप्ताही त्याने कंपनीऐवजी स्वतःच्या खात्यात भरायला लावला, आणि मी तो भरला. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर एका पानाचे प्रमाणपत्र आले. मूळ पॉलिसी मात्र महिनोन्महिने ‘छपाईला गेलेली’ होती.

अपघात उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात झाला. दिव्यांचे स्टँड आम्हीच उभारले होते आणि पायांवर वाळूच्या पिशव्याही ठेवल्या होत्या, परंतु नंतर सजावटवाल्यांनी दोन स्टँडच्या मधे कापडी फलक ताणून बांधला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि अशा कापडाचे शीड व्हायला वेळ लागत नाही. संध्याकाळी वारा सुटला, एक स्टँड कोसळला, एका पाहुण्याचे मनगट मोडले आणि खाली असलेला ध्वनिमिश्रणाचा मिक्सर चेपला. हा मिक्सर माझा नव्हता; त्या दिवसापुरता मी तो दुसऱ्या व्यावसायिकाकडून आणला होता.

दावा दाखल करायला कंपनीत गेलो तेव्हा कळले की प्रमाणपत्रावरचा पॉलिसी क्रमांक खरा आहे, पण ती पॉलिसी गोदामातल्या मालाच्या आगीची आणि घरफोडीची आहे. माझ्या सहीच्या अर्जात व्यवसाय लिहिला होता ‘विद्युत साहित्याची साठवण’. भाडे, वाहतूक, उभारणी यांचा कुठे उल्लेख नव्हता. तिथल्या कर्मचारी बाईंनी प्रमाणपत्र मोठे करून दाखवले, तेव्हा ‘सार्वजनिक दायित्व’ ही ओळ बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित खाली आणि अधिक काळी दिसली. तेच पान मी तोवर कितीतरी सभागृहांना पाठवले होते. कंपनीकडे फक्त स्वस्त पॉलिसीचा हप्ता पोहोचला होता, वरची रक्कम एजंटच्या खिशात गेली होती.

त्यानंतर जे समजून घेतले, ते आधी समजून घेतले असते तर त्याच्या त्या ‘सगळे यात आले’ या वाक्यावरच मी त्याला अडवले असते, कारण या धंद्यात ‘सगळे’ एका विम्यात क्वचितच येते. स्वतःच्या साहित्यासाठी वाहतुकीत आणि कार्यक्रमाच्या जागीही लागू राहणारे संरक्षण लागते, तर पाहुण्याला झालेल्या इजेसाठी दायित्व विमा. पण दुसऱ्याची जी वस्तू आपल्या ताब्यात असते, तिचे नुकसान दायित्व विम्यातून सहसा वगळलेले असते, त्यामुळे माझे प्रमाणपत्र अस्सल असते तरी मिक्सरची भरपाई बहुधा मिळाली नसती. घरफोडीच्या विम्याला सामान्यतः कुलूप किंवा दार फोडल्याची खूण लागते. ज्या ग्राहकाला आपण स्वतःच्या हाताने माल दिल्याची पावती करून माल सोपवला, त्याने तो गडप केला तर ती त्या विम्याच्या व्याख्येतली चोरी ठरत नाही. साहित्याची किंमत कमी दाखवून हप्ता वाचवण्याचा सल्लाही एजंटने दिला होता, परंतु पॉलिसीत सरासरीची अट (विमा जितका कमी, त्याच प्रमाणात भरपाई कमी) असेल आणि विमा खऱ्या किमतीच्या ६० टक्केच असेल, तर अर्धवट नुकसानीचेही ६० टक्केच हाती पडतात.

फलक बांधणाऱ्यांवर बोट दाखवायला मी गेलो, तेव्हा वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, ‘स्टँडला काही बांधू नये असे भाड्याच्या करारात लिहिले आहे का?’ लिहिले नव्हते. नुसते साहित्य देऊन मोकळे होणे वेगळे आणि आपली माणसे पाठवून ते उभारणे वेगळे. उभारणी आमची असल्याने जबाबदारी आमच्याकडे आली. दायित्व विम्यात कायदेशीर बचावाचा खर्चही बहुधा कंपनी उचलते. मला तोही पदरचा करावा लागला.

एजंटविरुद्ध पोलिसांत आणि कंपनीकडे तक्रार दिली आहे. कोरा अर्ज मीच सही करून दिला होता, हे दोन्हीकडे लिहून द्यावे लागले, आणि ते लिहिताना हात जड झाला. पाहुण्याच्या उपचारांचे आणि मिक्सरचे पैसे मी हप्त्याहप्त्याने फेडतो आहे. नवा विमा घेताना अर्जाचा प्रत्येक रकाना मी स्वतः भरला, पैसे थेट कंपनीच्या खात्यात भरले, आणि अपवादांच्या पानांसह पूर्ण पॉलिसी हातात येऊन कंपनीकडून क्रमांक पडताळून घेईपर्यंत ११ दिवस एकही स्टँड गोदामाबाहेर काढला नाही. त्यात दोन कार्यक्रम हातचे गेले.