‘वन वीक’ची आठ मिलिमीटरची जुनी प्रत

बस्टर कीटनच्या ‘वन वीक’ (१९२०) या मूक विनोदी लघुपटाची आठ मिलिमीटरची जुनी प्रत मी नुकतीच विकत घेतली. पस्तीस मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ आठ मिलिमीटरवर उतरवले की बरोबर दोनशे फुटांत मावते, त्यामुळे दोन रिळांचा हा अख्खा लघुपट दोन चपट्या डब्यांत घरी आला. डबा उघडताच आधी वास घेतला, कारण अ‍ॅसिटेटची फिल्म कुजू लागली की व्हिनेगरसारख्या वासाने पहिली वर्दी नाकालाच मिळते. तसा वास नव्हता. ओरखडे आहेत, पण ते या वयात शोभतात.

तक्रार आहे ती दुसऱ्या रिळाबद्दल. शेवटी नवविवाहित जोडप्याचे वेडेवाकडे घर रुळांवर अडकते, समोरून येणारी आगगाडी शेजारच्या रुळांवरून निघून जाते, आणि दोघे हुश्श म्हणतात न म्हणतात तोच उलट दिशेने आलेली दुसरी गाडी घराच्या चिंधड्या उडवते. माझ्या प्रतीत नेमका या दोन गाड्यांच्या मधे सांधा आहे. काही चौकटी कापल्या गेल्याने दुसरी गाडी घाईने येते आणि हसू अर्धवट राहते. विक्रेत्याने वर्णनात याचा उल्लेख केला नव्हता, हे खटकले. मात्र पट्टी बोटांत धरून भिंगाखाली एकेक चौकट पाहिली, तेव्हा सगळा विनोद त्या हुश्शमध्ये आहे, हे पूर्वी अनेकदा पाहूनही न कळलेले गमक कळले.

प्रोजेक्टरचा वेग सेकंदाला अठरा चौकटींवर ठेवावा. चोवीसवर पात्रे कळसूत्री बाहुल्यांसारखी धावतात. डिस्कवरचे चित्र अधिक स्वच्छ दिसते, यात वाद नाही, आणि केवळ चित्रपट पाहायचा असेल त्याने तीच घ्यावी. परंतु लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चे (१९२७) हरवलेले दुसरे रीळ २०१५ साली एका खासगी संग्रहातच सापडले, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला असे डबे सहसा टाकवत नाहीत.

मीही प्रत परत केली नाही. सध्या मी ‘वन वीक’च्या अशा दुसऱ्या प्रतीच्या शोधात आहे, जिचे पहिले रीळ खराब असले तरी चालेल.