झेडएफएसमधलं रेकॉर्डसाइझ: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या सर्व्हरवर दोन हार्ड डिस्कचा मिरर आहे (दोन्हींवर तोच डेटा) आणि त्यावर ओपन-झेडएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडणारी व्यवस्था. फोटो, व्हिडिओ, जुन्या मेलचा साठा आणि फोटोंच्या ॲपचा पोस्टग्रेस डेटाबेस, सगळा संसार तिथेच. झेडएफएस फायली तुकड्यांत ठेवतं. त्या तुकड्याला रेकॉर्ड किंवा ब्लॉक म्हणतात, आणि त्याचं कमाल माप म्हणजे रेकॉर्डसाइझ. ते बदलून खरंच काही होतं का, की नुसती हौस? माझं मत असं झालंय: डेटाबेससाठी नक्की होतं, व्हिडिओंसाठी थोडंफार, आणि बाकी सगळीकडे मूळच्या १२८ केबीला हात न लावलेलाच बरा.

पोस्टग्रेस डेटा पानापानाने वाचतं-लिहितं, आणि हे पान ८ केबीचं असतं. झेडएफएस जुन्या डेटावर कधीच लिहीत नाही, बदललेला रेकॉर्ड नव्या जागी ठेवतं, आणि चेकसमही (डेटा शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) अख्ख्या रेकॉर्डचा असतो. त्यामुळे १२८ केबीच्या रेकॉर्डमधलं एक पान बदललं तरी पूर्ण रेकॉर्ड पुन्हा लिहायचा. तो कॅशमध्ये नसेल तर आधी डिस्कवरून वाचायचा. कॉम्प्रेशन बाजूला ठेवलं तर हे सोळापट लिखाण झालं, आणि स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली प्रत) घेतलेला असेल तर जुना रेकॉर्ड जागा अडवून बसतो ते वेगळंच. डेटाबेस १६ केबीच्या स्वतंत्र डेटासेटवर (वेगळ्या सेटिंगच्या कप्प्यावर) हलवल्यापासून मोठी इंपोर्ट चालू असतानाची डिस्कची खरखर बरीच कमी झाली आणि स्नॅपशॉटही आटोपशीर राहू लागले. मग सरळ ८ केबीच का नाही? कॉम्प्रेशनमुळे. माझ्या पूलमध्ये (झेडएफएसला दिलेल्या डिस्कच्या साठ्यात) सेक्टर, म्हणजे जागेचं सगळ्यात लहान माप, ४ केबीचा आहे, म्हणजे ८ केबीचा रेकॉर्ड आवळून ४ मध्ये बसला तरच फायदा, नाहीतर शून्य. १६ केबीच्या रेकॉर्डला १२, ८ आणि ४ अशा तीन पायऱ्या मिळतात.

व्हिडिओ आणि रॉ फोटो १ एमबीवर ठेवलेत. चित्रपट बघताना फरक जाणवेल ही अपेक्षा ठेवू नका. पुढचा डेटा आधीच वाचून ठेवला जातो, त्यामुळे १२८ केबीवरही काही अडत नव्हतं. फायदा आहे तो हिशेबाच्या वहीत. १ टीबी डेटाचे १२८ केबीने सुमारे ८४ लाख ब्लॉक होतात, १ एमबीने साडेदहा लाख. प्रत्येक ब्लॉकचा पॉइंटर (तो कुठे आहे ही नोंद) १२८ बाइटचा, म्हणजे आवळण्याआधी १ जीबीच्या जागी १२८ एमबी. फिरत्या डिस्कवर हेड हलवायला काही मिलिसेकंद जातात, तेवढ्यात १ एमबीच्या आसपास डेटा वाचून होतो. त्यामुळे डेटा विखुरलेला असेल तर मोठा तुकडा परवडतो. एसएसडीवर यासाठी एवढा खटाटोप मी केला नसता.

एक गोष्ट मात्र सांभाळा. फाइल रेकॉर्डसाइझपेक्षा लहान असेल तर तिच्या मापाचा एकच ब्लॉक घेतला जातो, पण एकदा ती मर्यादा ओलांडली की शेवटचा ब्लॉकही पूर्ण मापाचाच. १.१ एमबीची फाइल त्यामुळे २ एमबी खाऊ शकते. एलझेड४ (कॉम्प्रेशनची एक पद्धत) चालू असेल तर शेपटीतले शून्य आवळले जातात आणि प्रश्न मिटतो. व्हिडिओ काही कॉम्प्रेस होत नाहीत म्हणून कॉम्प्रेशन बंद ठेवण्याचा सल्ला अजूनही मिळतो. तो ऐकू नका.

ब्लॉक लहान घ्यावा की मोठा हा तिढा झेडएफएसपेक्षा कितीतरी जुना. १९८४ साली बर्कलीच्या मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी युनिक्सच्या नव्या फाइल सिस्टीमवर लेख लिहिला, त्यात आकडेच दिलेत: ५१२ बाइटचे ब्लॉक घेतले तर ६.९ टक्के जागा वाया, ४०९६ बाइटचे घेतले तर ४५.६ टक्के. आणि तरी मोठा ब्लॉक हवाच होता, कारण नुसतं ५१२ वरून १०२४ वर गेल्यावरच वेग दुपटीपेक्षा जास्त वाढला होता. त्यांनी मोठा ब्लॉक ठेवून लहान फायलींसाठी त्याचे तुकडे पाडायची सोय केली.

रेकॉर्डसाइझ बदललं की जुन्या फायली आपोआप बदलत नाहीत, हे माहीत असेलच. पण नव्या आवृत्त्यांत ब्लॉक क्लोनिंग (कॉपी करताना जुन्याच ब्लॉककडे बोट दाखवणं) चालू असेल तर साधी कॉपी करूनही डेटा पुन्हा लिहिला जाईलच असं नाही. मी आरसिंक या कॉपीच्या साधनाने डेटा नव्या डेटासेटमध्ये उतरवला आणि जुना डेटासेट उडवला. तेवढी मोकळी जागा आधी हाताशी हवी. जुने स्नॅपशॉट या उलाढालीत जातात, हेही ध्यानात घ्या.

मेलचा साठा १२८ केबीवर मजेत आहे, कारण तिथे हा आकडा फक्त कमाल मर्यादा आहे. तोच साठा एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीमच्या बाहेरच्या डिस्कवर न्यायचा तर खरी गंमत. ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क विंडोजमध्ये एक्सफॅट केली की क्लस्टर (तिथला जागेचा लहानात लहान तुकडा) १२८ केबीचा येतो, आणि तिथे लहान फायलीला सवलत नाही. १० केबीची एक लाख पत्रं म्हणजे जेमतेम १ जीबी मजकूर. डिस्कवर मात्र १२ जीबीच्या वर जागा जाते. म्हणून मेल आधी टार करून एकच फाइल करतो आणि मगच त्या डिस्कवर टाकतो.