पैसे भरलेलं ॲप बंद केल्यानंतरचे दहा महिने (नववी, मराठी माध्यम, नागपूर)

गेल्या जूनमध्ये मुलीच्या अभ्यासाचं पैसे भरून घेतलेलं ॲप आम्ही कायमचं बंद केलं. तीन वर्षांचं पॅकेज, हप्त्यावर. दोन मुलं घरी येऊन "ताई, सगळं मराठीत आहे" असं सांगून सही घेऊन गेली होती. उघडून पाहिलं तर मराठी फक्त वरच्या यादीत, शिकवणं सगळं हिंदीत आणि इंग्रजीत. परत करायचं म्हणून पंधरा दिवसांच्या आत फोन लावला, तर दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि "आमचे सर तुम्हाला फोन करतील". चार महिने भांडले. शेवटी बँकेत जाऊन हप्ता थांबवला. भरलेले नऊ हजार परत आले नाहीत.

आमचं मानेवाडा भागात झेरॉक्सचं दुकान आहे. एका पानामागे रुपया-दोन रुपये मिळतात. नऊ हजार म्हणजे किती पानं, हा हिशोब मी त्या चार महिन्यांत रोज केला. म्हणून ठरवलं की नववीच्या अभ्यासावर इंटरनेटवर एक रुपयाही खर्च करायचा नाही, जे फुकट आहे तेवढ्यावरच वर्ष काढायचं. आता वर्ष संपलंय. काय वापरलं, काय सोडलं आणि कशानं मार्क गेले, ते लिहिते आहे. दीक्षा म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या पाठांचं सरकारी ॲप आणि खान अकॅडमी म्हणजे फुकट शिकवणारी साइट, यापेक्षा जास्त ओळख करून देत नाही.

सुरुवातीचे तीन महिने मी यूट्यूबवरच्या हिंदी व्हिडिओंवर खूश होते. नागपूरच्या पोराला हिंदी शिकवावी लागत नाही, ती गल्लीत, ऑटोत, इतवारीच्या दुकानात कानावर पडतच असते. शिकवणारे छान, फळा स्वच्छ, उदाहरणं भरपूर. दुकानात येणाऱ्या पालकांना मी स्वतः सांगत होते की मराठी शोधत बसू नका, हिंदी लावून द्या. ते मी आज मागे घेते.

पहिल्या सत्राचा विज्ञानाचा पेपर घरी आला. 'द्रव्याचे मोजमाप' या पाठावरचा प्रश्न होता. मुलीनं लिहिलं होतं, "पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन परमाणू आणि ऑक्सिजनचा एक परमाणू असतो." त्यावर लाल गोल, दोन्ही गुण गेलेले. रडत म्हणाली, "आई, व्हिडिओतले सर तर असंच सांगून राहिले होते. मग चूक काहून?"

ते सर चुकले नव्हते आणि शाळेतल्या मॅडमही चुकल्या नव्हत्या. हिंदीत 'परमाणु' म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला रेणू. उच्चार तोच, अर्थ एक पायरी वरचा. पोरीला पाण्याची रचना पक्की कळली होती. तिनं योग्य गोष्ट दुसऱ्या भाषेच्या शब्दात लिहिली, आणि तो शब्द मराठीतही असल्यामुळे तिला शंकासुद्धा आली नाही. अगदीच परका शब्द असता तर ती थांबली असती, मला विचारलं असतं.

त्याच पेपरात पुढे लिटमस होता. "क्षारामुळे तांबडा लिटमस निळा होतो," असं तिनं लिहिलं. तेही हिंदीतूनच आलेलं. तिकडे क्षार म्हणजे अल्कली, आपल्याकडे त्याला आम्लारी म्हणतात. आपल्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी व क्षार' असा पाठ आहे, आणि त्यात क्षार म्हणजे सॉल्ट, ज्याला हिंदीत लवण म्हणतात. आपलं रोजचं मीठ हा क्षारच, आणि मिठाच्या पाण्यात तांबडा लिटमस तांबडाच राहतो. म्हणजे उत्तर पार उलटं झालं.

मला याचा किती त्रास झाला ते शब्दांत सांगता येणार नाही. एकूण पाच गुणांचं नुकसान. पण पोरगी समजून शिकली आणि तरीही चुकली, हे मला सहन होईना. त्या आठवड्यात मी घरातले सगळे व्हिडिओ बंद केले. असं का होतं ते शोधत बसले. मराठी परिभाषा करायला १९६० साली राज्याचं भाषा संचालनालय झालं, आणि हिंदीच्या वैज्ञानिक शब्दांसाठी १९६१ साली दिल्लीत केंद्राचा वेगळा आयोग नेमला गेला. दोघांनीही संस्कृतातूनच शब्द घेतले, पण एकाच मुळाचे शब्द वेगवेगळ्या अर्थांना लावले. संचालनालयाचे परिभाषा कोश आता ऑनलाइन फुकट शोधता येतात. इंग्रजी शब्द टाकला की मराठी समोर येतो. नववीच्या मुलासाठी हा इतका कामाचा असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग एक निळी दोनशेपानी वही केली. तीन रकाने: हिंदी, मराठी, इंग्रजी. पहिली ओळ अर्थातच परमाणु, अणू, ॲटम. दुसरी अणु, रेणू, मॉलिक्यूल. मग द्रव्यमान आणि वस्तुमान, कोशिका आणि पेशी, ऊतक आणि ऊती. गणितात अभाज्य आणि मूळ संख्या, सर्वांगसम आणि एकरूप. व्हिडिओ लावायचा तर वही मांडीवर, हा नियम झाला.

वही भरताना या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट सापडली, आणि ती जवळ असून मला दिसली नव्हती. ई-बालभारती या पाठ्यपुस्तक मंडळाच्या साइटवर पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. पण तेच पुस्तक मराठी, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाचं वेगवेगळं मिळतं, आणि पाठांचा क्रम तोच असतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन पीडीएफ शेजारी शेजारी उघडल्या, तोच पाठ, तीच आकृती. एका आकृतीखालचं नाव मराठीत, दुसरीखालचं हिंदीत. शब्द शोधावा लागतच नाही, समोरच असतो. कोणतंही ॲप मला हे देत नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. तिची झोप गेली, माझीही गेली, आणि दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

दीक्षाबद्दलचं मतही बदलावं लागलं. जूनमध्ये मी ते दोन दिवसांत काढून टाकलं होतं. जुना फोन पुस्तकात छापलेला क्यूआर कोड धरत नव्हता, व्हिडिओ फिरत राहायचा. नोव्हेंबरमध्ये पुन्हा घेतलं तेव्हा कळलं की क्यूआरच्या खाली सहा अक्षरांचा कोड छापलेला असतो, तो टाइप केला तरी तोच पाठ उघडतो. आमचा रोजचा दीड जीबी असतो. रात्री जेवढा उरायचा, त्यात पुढचा पाठ डाउनलोड करून ठेवायचा, आणि मग मे महिन्यासारखी वीज गेली तरी काही अडत नाही. काही व्हिडिओंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आहे, काही ठिकाणी नुसतं पुस्तक वाचून दाखवलंय. तरीही मी त्याला वर ठेवते, कारण शब्द पुस्तकातलेच येतात. आधी दोन तारे दिले असते, आता चार देते.

अणू-रेणूचा घोळ खरा मिटवला तो फेटनं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातली ही प्रयोगांची साइट. २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये ती सुरू केली. बरेच प्रयोग मराठीतही आहेत. एकेक प्रयोग फाइल म्हणून उतरवून घेता येतो आणि नेट नसताना चालतो. पोरीनं माऊसनं हायड्रोजनचे दोन गोळे ऑक्सिजनला जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "अणू तीन, रेणू एक." तसं दहा-बारा वेळा केलं. त्यानंतर ती कधीच चुकली नाही. आम्ल-आम्लारीचे प्रयोग ओलॅब्सवर केले, म्हणजे सीडॅक ही सरकारी संगणक संस्था आणि अमृता विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या ऑनलाइन प्रयोगशाळेत. त्यातही मराठी आहे. घरात परीक्षानळी नसलेल्या मुलांनी नक्की बघावं.

खान अकॅडमी आम्ही फक्त गणिताच्या सरावासाठी वापरली आणि मुद्दाम इंग्रजीत. तिथे हिंदी लावली की पुन्हा शब्दांचा घोळ. इंग्रजीतले आकडे, समीकरणं तिला जमली, आणि चुकलं की पायरी-पायरीनं दाखवतात हे फार चांगलं आहे.

बाकीचं थोडक्यात. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन वाचता येतात. भाषा जड आहे, पण इतिहासाच्या प्रकल्पाला दुसरं काही लागलं नाही. भूगोलासाठी इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा हे तिन्ही तलाव वरून बघितले, तेव्हा शहराचा उतार कुठे आहे ते तिला पहिल्यांदा कळलं. इंग्रजी कानावर पडावं म्हणून लिब्रिवॉक्स, तिथे स्वयंसेवक जुनी पुस्तकं वाचतात. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवरची मराठी पुस्तकं तिनं सुट्टीत आपणहून वाचली. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो एनपीटेलवर, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांच्या ऑनलाइन वर्गांवर शिकतो. शिकणं फुकट आहे, प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरावी लागते. त्यानं एकाच विषयाची भरली, बाकी नुसतं ऐकतो.

हिशोब असा. रिचार्ज जो होता तोच. छापलेली पानं एकशे चाळीस, तीही पाठपोट. दोन वह्या. खरा खर्च माझ्या वेळेचा झाला, रोज संध्याकाळी दुकान आवरल्यावर अर्धा-पाऊण तास. ज्या घरात तो वेळ काढता येत नाही, तिथे फुकटच्या गोष्टी अशाच पडून राहतील, हे मला मनापासून वाटतं. कारण सगळं आहे, पण आज कुठला पाठ, कुठून आणि कुठल्या भाषेत, हे ठरवून देणारं कोणी नाही. ते मी दिलं.

वार्षिक परीक्षेत रेणूचा प्रश्न पुन्हा आला. पूर्ण गुण मिळाले. शेजारच्या दोन मुलींनी वहीचं झेरॉक्स मागितलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

निकाल लागल्यावर दहावीचं विज्ञान भाग १ उतरवून घेतलं. दुसराच पाठ 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण'. मूलद्रव्याला हिंदीत तत्त्व म्हणतात, आणि मराठीत तत्त्व म्हणजे वेगळंच काही. पोरीनं न विचारता नव्या वहीत तीन रकाने आखले आणि पहिली ओळ तीच लिहिली.