नात्यांवरून माशांची गणना: एका जनुकीय चाचणी सेवेविषयी

समुद्रातील माशांची संख्या त्यांच्यातील नात्यांवरून ठरवण्यासाठी आम्ही ज्या प्रयोगशाळेकडे ऊतींचे नमुने पाठवले, तिचे मूळ काम उत्तम आहे. या पद्धतीचा आधार साधा आहे: प्रत्येक पिलाला आई-बाप असतातच, त्यामुळे पिले आणि प्रौढ यांच्या नमुन्यांत पालक-अपत्याच्या जोड्या जितक्या कमी सापडतील, तितकी प्रौढांची संख्या मोठी. दक्षिणी ब्लूफिन टूनाच्या गाजलेल्या अभ्यासात सुमारे १४,००० माशांतून अवघ्या ४५ जोड्या मिळाल्या होत्या. तेव्हा मोजक्या खोट्या जोड्यांनीही अंदाज किती ढळेल, हे उघड आहे. म्हणूनच दूषित आणि दुबार नमुने या प्रयोगशाळेने स्वतःहून वगळून त्यांची कारणे नोंदवली, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. एकच पालक समान असलेली भावंडे ओळखताना मात्र अहवाल उणा पडतो, कारण आजी-नातवातील जनुकीय साम्यही सरासरीने तेवढेच असते आणि वयाच्या माहितीशिवाय हा गुंता सुटत नाही; तरीही त्यांच्या नमुना-अर्जात वयाचा रकानाच नाही, हे आश्चर्यच म्हणायचे. अहवाल वेळेत आला. संख्येचे गणित ही सेवा करून देत नाही, त्यामुळे सोबत संख्याशास्त्रज्ञ असलेल्या गटांनाच मी तिची शिफारस करेन.